विक्री थांबली, हक्क चालूच : बंद पडलेल्या सॉफ्टवेअरविषयी

कंपनीने जे सॉफ्टवेअर विकणेच थांबवले आहे, ते फुकट वापरले तर बिघडले कुठे? छत्रपती संभाजीनगरच्या डीटीपी सेंटरमध्ये, लहान प्रेसमध्ये, अभियांत्रिकीच्या वसतिगृहात हा प्रश्न सहज विचारला जातो. विचारणाऱ्याची बाजूही समजण्यासारखी असते. पैसे मोजायची तयारी आहे, पण माल बाजारात नाही. बिल फाडायला समोर कोणी नाही. मग नुकसान होते ते कोणाचे? याचे थोडक्यात उत्तर असे, की विक्री थांबल्याने हक्क संपत नाही आणि म्हणून असे सॉफ्टवेअर आपोआप फुकट होत नाही. पण एवढे सांगून थांबणे म्हणजे अर्धेच उत्तर देणे होय. ज्याने ते सॉफ्टवेअर एकदा रीतसर विकत घेतले, त्याला भारतीय कायदा बरेच काही करू देतो. आणि त्यात आपण टाइप केलेला मजकूर तर कंपनीचा कधीच नव्हता. या दोन्ही गोष्टी ज्यांना रोज लागतात त्या प्रेसचालकांसाठी, टायपिंग करणाऱ्यांसाठी, ग्रंथपालांसाठी आणि लहान प्रकाशकांसाठी हा लेख आहे.

विषय याच शहरातून मांडण्याला कारण आहे. १९५८ मध्ये इथे मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज इथे होऊ लागले, १९८२ मध्ये ‘लोकमत’ची आवृत्ती निघाली. अनंत भालेराव यांचे ‘मराठवाडा’ दैनिक त्याआधीपासून होते. मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ आणि गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ ही नियतकालिके इथूनच निघत. प्रबंध, शपथपत्रे, दैनिके, दिवाळी अंक, कवितासंग्रह, निवडणुकीची पत्रके, लग्नपत्रिका, असे टाइप करायचे काम या शहरात कधी कमी पडले नाही. खिळ्यांची जुळणी मागे पडली तेव्हा हे सारे काम संगणकावर आले आणि गल्लीबोळांत डीटीपी सेंटर उभी राहिली. उर्दू छपाईची परंपराही इथे तितकीच जिवंत. तिचे काम हाताने मजकूर लिहिणाऱ्या कातिबांच्या हातून १९९४ मध्ये आलेल्या ‘इनपेज’ या प्रोग्रामकडे गेले. नव्वदच्या दशकापासून पुढची वीस वर्षे मराठवाड्याने जे लिहिले, त्यातले बरेचसे आधी अशा एखाद्या संगणकावर उमटले आणि मग कागदावर गेले.

ते कशात उमटले, हे पाहिल्याशिवाय कायद्याचा प्रश्न नीट कळत नाही. पानाची मांडणी ‘पेजमेकर’मध्ये होई. सिएटलच्या ऑल्डस कंपनीने हा प्रोग्राम १९८५ मध्ये आणला. तिचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांनीच ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हे नाव रूढ केले. १९९४ मध्ये अॅडोबीने ऑल्डस विकत घेतली, १९९९ मध्ये स्वतःचे ‘इनडिझाइन’ आणले, आणि २००१ ची ७.० ही पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती ठरली. मराठी अक्षरे पुरवायला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, पुण्याच्याच सी-डॅकचे ‘आयएसएम’, सायबरस्केप मल्टिमीडियाची ‘आकृती’ अशी पॅकेजे होती. त्यांतल्या अनेकांबरोबर एक ‘लॉक’ येई. हा छोटा ठोकळा प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय पॅकेज चालत नसे. पुढे हे लॉक यूएसबीचे झाले.

प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारे युनिकोड पेजमेकरला कळत नव्हते. रोमन लिपीच्या हिशेबाने केलेल्या २५६ घरांपैकी जेवढी हाती लागतील तेवढ्यांत फॉन्ट बनवणाऱ्यांनी देवनागरी बसवली. पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, काना, वेलांट्या, रफार यांचे तुकडे त्यांनी रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी ठेवले. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. त्यामुळे श्रीलिपीत टाइप केलेले मॅटर आयएसएमच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही आणि मूळ फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते रोमन अक्षरे व खुणांचा अर्थहीन गठ्ठा होऊन समोर येते. मजकूर आपला असूनही तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये राहिली. जुना संगणक बंद पडतो, नव्या विंडोजवर जुने पॅकेज बसत नाही, लॉक खराब होते, आणि मग कोणीतरी सुचवते, की नेटवरून क्रॅक केलेले उतरवून घ्या, तसेही ते बंदच पडले आहे.

‘बंद पडले’ या दोन शब्दांत निरनिराळ्या अवस्था एकत्र होतात. त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. काही वेळा कंपनी जागेवर असते, फक्त जुनी आवृत्ती विकत नाही. नव्या आवृत्त्या निघत राहिल्या तरी ज्यांच्या फायली जुन्या आवृत्तीत आहेत त्यांना जुनीच हवी असते. काही वेळा विक्री आधीच थांबलेली असते आणि पुढे देखभालही थांबते. विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या. एक्सपीवरचा हक्क त्या दिवशी होता तिथेच राहिला. काही वेळा कंपनी विकली जाते आणि जुन्या प्रोग्रामांचे हक्क नव्या मालकाकडे जातात. काही वेळा कंपनी गुंडाळली जाते आणि हक्क कोणाकडे गेले याचा मागच लागत नाही. आणि अगदी थोड्या वेळा हक्कदार स्वतः लेखी सांगतो, की हे आता सर्वांनी वापरावे. या पाच अवस्थांपैकी फक्त शेवटची सॉफ्टवेअरला मोकळे करते. इंग्रजीत ज्याला ‘अबँडनवेअर’ म्हणतात, असा वर्ग भारतीय कायद्यात नाही.

कायद्याची बैठक अशी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’मध्ये समाविष्ट झाला आणि १९९४ च्या दुरुस्तीने त्याची स्वतंत्र व्याख्या आली. प्रोग्राम साहित्यकृती ठरला म्हणजे कादंबरीला जे संरक्षण तेच त्यालाही मिळाले. कादंबरीची आवृत्ती संपली आणि प्रकाशकाने पुन्हा छापली नाही, म्हणून ती कोणालाही छापून विकता येत नाही; प्रोग्रामचेही तसेच आहे. प्रोग्राम परदेशी आहे म्हणूनही सुटका नाही, कारण कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांच्या कृतींना भारतात संरक्षण आहे.

मुदतीचा हिशेब पाहिला की अडचण किती मोठी आहे ते कळते. साहित्यकृतीचा कॉपीराइट भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. १९९५ मध्ये तीस वर्षांच्या तरुणाने लिहिलेला प्रोग्राम घ्या. तो ऐंशी वर्षे जगला, तर त्या प्रोग्रामचा हक्क एकविसावे शतक संपल्यावरच सुटेल. अमेरिकेत कंपनीने नोकरांकडून करून घेतलेल्या कामाला प्रकाशनापासून ९५ वर्षे संरक्षण आहे, म्हणजे २००१ चा पेजमेकर तिथे २०९६ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे. ज्या यंत्रावर हे प्रोग्राम चालत ते दहा वर्षे टिकले तरी पुष्कळ. पुस्तक शंभर वर्षांनीही उघडून वाचता येते, म्हणून एवढी लांब मुदत पुस्तकाला कशीबशी पेलते. सॉफ्टवेअर मात्र हक्क संपण्याच्या कितीतरी आधी निकामी झालेले असते. कायद्याने या दोहोंना एकाच मापात बसवले आणि त्याचा भार आज लहान वापरकर्त्यावर पडतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कायदा जुळत नाही, एवढ्याने तो मोडायची मुभा मिळत नाही. तो जिथे वाट देतो ती वाट नेमकी ओळखणे हे आपल्या हातात आहे.

पहिली वाट आहे रीतसर विकत घेतलेल्या प्रतीची. प्रोग्रामची प्रत आणि प्रोग्रामचा कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानातून घेतलेले तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या विक्रीकराच्या प्रकरणात म्हटले. २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की अशा विक्रीत ग्राहकाला वापरण्यापुरती प्रत मिळते, कॉपीराइट मिळत नाही. दोन्ही निकाल करांविषयीचे आहेत, पण त्यांतला भेद आपल्याला उपयोगी आहे. कंपनीने विक्री थांबवली म्हणून तुमच्या कपाटातली प्रत बेकायदा होत नाही. कायम वापरासाठी घेतलेली प्रत यंत्र साथ देईल तोवर वापरा. वर्षाच्या भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरला हे लागू नाही. तिथे मुदत संपली की वापरही संपतो.

कायद्याचे कलम ५२ याच्याही पुढे जाते. प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला तो ज्या कामासाठी दिला गेला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून त्याची नक्कल किंवा त्यात जुळवाजुळव करता येते. हरवणे, नष्ट होणे किंवा बिघडणे यांपासून बचाव म्हणून बॅकअप घेता येतो. स्वतंत्रपणे तयार केलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवायला लागणारी माहिती इतर मार्गांनी सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करता येते. प्रोग्राम कसा चालतो याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करता येते. स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून बिगर-व्यापारी वैयक्तिक वापरासाठीही नक्कल करता येते. म्हणजे जुनी सीडी खराब होण्याआधी तिची प्रत हार्डडिस्कवर घेणे हा तुमचा हक्क आहे. तो आजच बजावा, कारण सीडीवरचा थर वर्षांगणिक खराब होत जातो आणि एकदा ती वाचता येईनाशी झाली की ‘माझ्या प्रतीवरून’ म्हणायला प्रतच उरत नाही. सीडीबरोबर बिल, परवान्याचा कागद आणि लॉकवरचा क्रमांक हेही जपा. प्रत आपली आहे हे दाखवायची वेळ आली तर हेच कागद कामी येतात. परवान्याच्या अटी एकदा शांतपणे वाचा; किती संगणकांवर चालवायची परवानगी आहे, हे त्यातच लिहिलेले असते.

सर्वांत अवघड प्रश्न लॉकचा. पैसे भरले, सीडी जपली, पण लॉक मेले आणि कंपनी नवे देत नाही, तर ते ओलांडता येईल का? २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ इथे लागू होते. हक्कांच्या रक्षणासाठी लावलेला परिणामकारक तांत्रिक अडसर त्या हक्कांचे उल्लंघन करण्याच्या इराद्याने ओलांडला, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यात इराद्याला महत्त्व आहे. या कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या उद्देशासाठी केलेल्या कृतीला कलम आडवे येत नाही, असेही त्यातच म्हटले आहे. आपली विकत घेतलेली प्रत आपल्याच कामासाठी चालू ठेवणाऱ्याची बाजू यामुळे बळकट होते. जो कारागीर दुसऱ्याला असे काम करून देतो, त्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटवणारे तपशील आणि कामाचा उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, अशीही अट आहे. ही नोंद ठेवणारे दुकान मला माहीत असते, तर मी प्रत्येक प्रेसला तिथे पाठवले असते. तरीही आधी कंपनीला लेखी विचारावे आणि तिचे उत्तर, किंवा उत्तर न आल्यास पाठवलेल्या पत्राची पोच, जपून ठेवावी. आपला हेतू स्वच्छ होता हे दाखवणारा याहून चांगला पुरावा नाही.

हीच मोकळीक नेटवरून उतरवलेल्या प्रतीला मिळत नाही, कारण तिथे ‘कायदेशीर बाळगणारा’ हीच अट पुरी होत नाही. प्रोग्राम चालवताना त्याची नक्कल संगणकात होतेच. शिवाय प्रोग्रामची प्रत हक्कभंग करणारी आहे हे माहीत असून ती वापरणे हा कलम ६३ब नुसार वेगळा गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात झाला नसेल, तर पुरेशी आणि खास कारणे नोंदवून न्यायालय कैद टाळू शकते आणि दंड पन्नास हजारांपर्यंत ठेवू शकते. घरी हौस म्हणून जुना प्रोग्राम चालवणारा विद्यार्थी आणि त्याच प्रोग्रामवर रोजचे गिऱ्हाईक करणारे सेंटर, यांच्यात कायदा असा फरक करतो. पण दोघांपैकी कोणालाही तो निर्दोष म्हणत नाही. २००१ च्या पेजमेकरसाठी कोणी दारात येणार नाही, असे म्हणणारे व्यवहारात बहुधा बरोबर ठरतील. परंतु तक्रार न होणे ही मालकाची मर्जी असते, आणि दुसऱ्याच्या मर्जीवर धंदा उभा करू नये.

मग खरोखर मोकळे झालेले असे काही आहेच का? आहे, आणि ते कसे ओळखावे हे शिकण्यासारखे आहे. आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत सी भाषा बोरलँड कंपनीच्या प्रोग्रामच्या निळ्या पडद्यावरच शिकवली गेली. बोरलँडने टर्बो सी २.०१ सारख्या जुन्या आवृत्त्या स्वतःच विनामूल्य उपलब्ध केल्या. पण त्या परवानगीने बोरलँडच्या इतर सर्व आवृत्त्या मोकळ्या झाल्या नाहीत. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या १.२५ आणि २.० या आवृत्त्यांचा मूळ कोड २०१४ मध्ये संगणक इतिहास संग्रहालयामार्फत फक्त अभ्यासासाठी खुला केला. २०१८ मध्ये तोच कोड एमआयटी परवान्याखाली दिला, म्हणजे आता तो धंद्यातही वापरता येतो. एकाच कोडच्या दोन परवानग्यांत किती अंतर असते, हे यातून दिसते. आपल्या भाषांपुरते सर्वांत मोलाचे उदाहरण आकृतीचे आहे. सायबरस्केप मल्टिमीडियाने देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांचे काही ट्रूटाइप फॉन्ट जीपीएल या मुक्त परवान्याखाली दिले. भारतीय भाषांतल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या काळात त्यांचा मोठा आधार झाला. आकृतीचे पूर्ण पॅकेज त्याने मोकळे झाले नाही, फक्त ते फॉन्ट झाले.

उलट बाजूने अॅडोबीच्या ‘सीएस२’ची गोष्ट लक्षात ठेवावी. या संचात फोटोशॉप आणि इनडिझाइन दोन्ही होते. डिसेंबर २०१२ मध्ये कंपनीने त्याचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी तो पूर्वी विकत घेतला होता त्यांची अडचण होऊ नये म्हणून सीरियल क्रमांकासह प्रती संकेतस्थळावर ठेवल्या. जानेवारी २०१३ मध्ये जगभर बातमी पसरली, की फोटोशॉप फुकट झाले. कंपनीने लगेच खुलासा केला, की ही सोय जुन्या ग्राहकांसाठीच आहे. दार उघडे दिसले तरी आत कोणाला बोलावले आहे, हे लेखी परवानगीतच वाचावे लागते. म्हणून ‘फ्री’ असे लिहिलेल्या कोणत्याही जुन्या सॉफ्टवेअरबाबत तीन प्रश्न विचारावेत. हे देणारा खरोखर हक्कदार आहे का? त्याने नेमकी कोणती आवृत्ती दिली आहे? आणि धंद्यात वापरायला व दुसऱ्याला द्यायला परवानगी आहे का?

हक्कदारच सापडत नसेल, तर कलम ३१अ आहे. लेखक मरण पावला आहे, अज्ञात आहे किंवा हक्काचा मालक सापडत नाही आणि काम लोकांपर्यंत पोहोचत नाही, अशा वेळी ते प्रकाशित करण्याचा परवाना कोणीही मागू शकतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि ठरलेले मानधन भारत सरकारच्या खात्यात भरावे लागते. पूर्वी हे अर्ज कॉपीराइट मंडळापुढे चालत, नंतर बौद्धिक संपदा अपील मंडळापुढे. ते मंडळ २०२१ मध्ये रद्द झाल्यावर हे काम वाणिज्यिक न्यायालयांकडे गेले. चार फायली उघडायच्या असलेल्या प्रेसवाल्याने इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी आणि कोर्टाची पायरी चढावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. अमेरिकेत तांत्रिक अडसराच्या कायद्याला दर तीन वर्षांनी अपवाद ठरवले जातात. खराब झालेल्या आणि कालबाह्य लॉकमुळे अडलेल्या प्रोग्रामांना २००३ मध्येच तिथे अपवाद मिळाला, आणि ग्रंथालयांना सॉफ्टवेअर जतन करण्यासाठी २०१८ मध्ये. आपल्या कलम ५२ मध्येही सार्वजनिक ग्रंथालयांना जतनाची मुभा आहे, पण ती पुस्तकासारख्या वस्तू डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधाबरोबर जमा झालेली सीडी वाचायला जो प्रोग्राम लागतो, तो जपून चालू ठेवण्याचा स्पष्ट हक्क ग्रंथपालाला मिळाला पाहिजे. पुढच्या दुरुस्तीत ही मागणी महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांनी करायला हवी.

आता मजकुराकडे येतो, कारण माझ्या मते सारा प्रश्न शेवटी तिथेच आहे. प्रेसवाल्याला पेजमेकरचे प्रेम नसते. त्याला १९९८ चा कवितासंग्रह पुन्हा छापायचा असतो. त्या कवितांचा हक्क कवीचा आहे. पेजमेकरमध्ये मांडल्या आणि श्रीलिपीत टाइप केल्या, म्हणून त्या त्या कंपन्यांच्या होत नाहीत. म्हणून खरा प्रश्न असा विचारावा : जुने सॉफ्टवेअर मिळवल्याशिवाय माझा मजकूर बाहेर काढता येईल का? बऱ्याचदा येतो. २०१४ मध्ये ‘डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट’ सुरू झाला. बंदिस्त फाइल-प्रकारांची रचना उलगडून ती मुक्त प्रोग्रामांत वाचता यावी, हे त्याचे काम. त्यातून पेजमेकरच्या फायली वाचणारा कोड तयार झाला आणि २०१५ च्या सुरुवातीला आलेल्या लिब्रेऑफिस ४.४ पासून त्या तिथे उघडू लागल्या. लिब्रेऑफिस विनामूल्य आहे, धंद्यातही कायदेशीर आहे, आणि नव्या संगणकावर चालते. पानाची मांडणी जशीच्या तशी येईलच असे नाही, पण अक्षरांची मालिका हाती लागते. कोणाकडे रीतसर घेतलेले जुने इनडिझाइन असेल तर त्यातही पेजमेकर ६ आणि पुढच्या फायली उघडतात.

त्यानंतरचे काम त्या अक्षरमालिकेचे युनिकोड करण्याचे. कोणत्या घरात कोणता तुकडा आहे याचा तक्ता एकदा हाती आला, की मजकूर युनिकोडमध्ये नेता येतो. अशी परिवर्तके सी-डॅकने बनवली आहेत आणि हौशी अभ्यासकांनीही. यंत्राने बदललेल्या मजकुराचे प्रूफ मात्र माणसाने वाचलेच पाहिजे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर नोंदली जाते. जोडाक्षरापुढे ती चुकीच्या जागी जाते. रफार एखाद्या अक्षराने सरकतो. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’मधला खास मराठी र अनेकदा साधा होऊन जातो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे जुन्या फायलींत तो वेगवेगळ्या जोडणीने लिहिलेला सापडतो. या चुका जाणकार मुद्रितशोधकाला लगेच दिसतात. ज्यांनी ते मॅटर मुळात टाइप केले असे ऑपरेटर आज पन्नाशीच्या पुढे आहेत. कोणत्या फायलीत कोणता फॉन्ट वापरला, ‘फायनल’ नावाच्या पाच फायलींपैकी खरी शेवटची कोणती, हे त्यांच्या डोक्यात आहे. त्यांचा सल्ला आत्ताच घ्यावा आणि त्याचा योग्य मोबदला द्यावा.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही काही सांगायचे आहे. मराठी संगणकावर आणण्याचे अवघड काम ज्यांनी केले त्यांच्याविषयी मला आदर आहे. युनिकोड नव्हते तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रे चालवली, पुस्तके घडवली, हजारो माणसांना रोजगाराचे साधन दिले. त्या कष्टाचा मोबदला त्यांना मिळायलाच हवा होता आणि त्यांच्या पॅकेजांची सर्रास झालेली चोरी हा त्यांच्यावर अन्यायच होता. पण ज्या आवृत्त्यांतून आज एक रुपयाही येत नाही, त्या कुलपात ठेवून कोणाचेच भले होत नाही. कलम २१ लेखकाला आपले सर्व किंवा काही हक्क सोडून देण्याची सोय देते, आणि २०१२ पासून ते जाहीर सूचनेनेही करता येते. कलम ३० खाली हक्कदार कंपनीला लेखी परवाना देता येतो; आकृतीच्या फॉन्टबाबत झाले ते याच प्रकारचे. पूर्ण पॅकेज द्यायचे नसेल, तर निदान जुन्या फॉन्टच्या घरांचे तक्ते प्रसिद्ध करावेत आणि जुन्या ग्राहकांना लॉकशिवाय चालणारी प्रत द्यावी. त्यात कंपनीचे काही जात नाही, आणि त्या काळातल्या मराठी लेखनाची किल्ली लेखकांच्या हाती येते. सी-डॅक ही तर सार्वजनिक पैशावर उभी राहिलेली संस्था आहे. तिच्याकडून ही अपेक्षा करणे रास्त आहे.

तोपर्यंत प्रत्येक प्रेसने, प्रकाशकाने आणि संस्थेने आपापल्या पातळीवर कामाला लागावे. आपल्याकडच्या मूळ सीड्या, लॉक आणि बिले एकत्र करावीत. सीडींच्या बॅकअप प्रती घ्याव्यात. कोणत्या फायली कोणत्या फॉन्टमध्ये आहेत याची यादी करावी. जुने यंत्र चालू आहे तोवर प्रत्येक पुस्तकाचे पीडीएफ आणि शक्य असेल तिथे युनिकोड मजकूर काढून ठेवावा. नवे काम युनिकोडमध्येच करावे, म्हणजे वीस वर्षांनी हा प्रश्न पुन्हा उभा राहणार नाही. उतरवलेल्या क्रॅकचा मोह टाळावा, कारण तो कायद्यात बसत नाही आणि त्याच्याबरोबर व्हायरसही घरात येतो. बंद पडलेले सॉफ्टवेअर फुकट मिळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा त्यात अडकलेला आपला मजकूर सोडवणे हे आपल्या हक्काचे आणि आपल्याच ताकदीतले काम आहे. मराठवाड्याच्या लेखकांनी, वकिलांनी, संशोधकांनी आणि कवींनी डीटीपीच्या या काळात जे लिहिले ते पुढच्या पिढीला वाचता यायला हवे, आणि ही जबाबदारी कोणत्याही कंपनीवर सोपवता येणार नाही.